दारावरचा अवेळी प्रश्न : वेब-सर्व्हर, लॉगिन आणि फाइलींचे हक्क

(भिलाई येथे ग्रंथपाल, शिक्षक आणि कार्यालयीन संगणक सांभाळणारे कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात अशी शंका आली असेल की, हा विषय तर संगणक-अभियंत्यांचा. ग्रंथपालांनी आणि शिक्षकांनी त्यासाठी आपली एक संध्याकाळ का खर्ची घालावी? या शंकेचे उत्तर सरळ आहे. आज ज्यांच्या हाती वेब-सर्व्हर सोपविलेले आहेत, त्यांपैकी पुष्कळ जण अभियंते नाहीत. महाविद्यालयाच्या किंवा कार्यालयाच्या एखाद्या कोपऱ्यातील खोलीत एक संगणक अहोरात्र चालू असतो, त्यावर संस्थेचे संकेतस्थळ असते, आणि ज्याला इतरांपेक्षा थोडे अधिक संगणक-ज्ञान आहे अशा माणसाच्या गळ्यात त्याची जबाबदारी पडलेली असते. तो माणूस ग्रंथपाल असतो, गणिताचा शिक्षक असतो, कधी लेखापाल असतो. मी आज त्यांच्याशी बोलणार आहे.

तक्रार साधारणतः अशी येते : सर्वांसाठी खुले असलेले एखादे पान, म्हणजे सूचना, निकाल वा प्रवेशाचा अर्ज, उघडू पाहताच पडद्यावर एक छोटी पेटी येते आणि ती वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड मागते. काल ही पेटी येत नव्हती. ती आपण कोणी लावलेली नाही. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही की, संकेतस्थळ सांभाळणारा माणूस आपल्या टेबलावरून तेच पान उघडतो तेव्हा त्याला काहीच विचारले जात नाही. "माझ्याकडे तर व्यवस्थित उघडते आहे," असे तो दूरध्वनीवर सांगतो. आणि त्याचे म्हणणे खोटे नसते.

हे कोडे सोडविण्यासाठी प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करावयास हव्यात. आपण भिलाईकर आहात, तेव्हा मला उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही. पोलाद कारखान्याच्या मेन गेटवर किंवा बोरिया गेटवर औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान उभा असतो. त्याचा प्रश्न एकच : तुम्ही कोण? पास दाखविला की त्याचे काम संपते. परंतु त्या पासाच्या बळावर कोणी झोतभट्टीच्या नियंत्रण-कक्षात जाऊन बसू शकत नाही, अथवा भांडारातून वाटेल ती वस्तू उचलू शकत नाही. भांडारपालाचा प्रश्न निराळा असतो : तुम्ही कोण ते मला ठाऊक आहे, पण ही वस्तू तुम्हाला द्यावयाची आहे काय? पहिली गोष्ट ओळख पटविण्याची, दुसरी हक्क तपासण्याची. संगणकाच्या जगात या दोहोंची गल्लत जितकी होते, तितकी कारखान्यात कधीच होत नाही. आजचा आपला सारा विषय या गल्लतीतून निर्माण होणाऱ्या अडचणींचा आहे.

वेब-सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यातील संभाषणाचे नियम १९९६ मध्ये एचटीटीपीच्या १.० या आवृत्तीच्या रूपाने लेखनिविष्ट झाले. ब्राउझर पान मागतो आणि सर्व्हर प्रत्येक उत्तराच्या आरंभी तीन अंकांचा एक क्रमांक देतो. २०० म्हणजे घ्या, हे तुमचे पान. ४०४ म्हणजे असे पान येथे नाही. आपल्या कामाचे क्रमांक दोन : ४०१ आणि ४०३. ४०१ चे अधिकृत नाव "अनधिकृत" अशा अर्थाचे आहे. माझ्या मते हे नाव चुकीचे निवडले गेले, कारण त्याचा खरा अर्थ "तुमची ओळख अजून पटलेली नाही, ती पटवा" असा आहे. ४०३ म्हणजे "मनाई आहे"; ओळख सांगा अथवा सांगू नका, ही वस्तू मिळणार नाही. ४०१ बरोबर सर्व्हरने एक ओळ पाठवावी लागते, तीत ओळख कोणत्या पद्धतीने पटवावयाची ते सांगितलेले असते. ही ओळ हाती पडताच ब्राउझर स्वतः ती पेटी काढतो. म्हणजे पेटी ही पानाचा भाग नसते. पान तर अजून आलेलेच नसते. पानाच्या आत रंगीत चौकटीत जे लॉगिन विचारले जाते त्याची कथा वेगळी आहे, आणि त्याची कारणेही वेगळी आहेत. तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारावा : पेटी ब्राउझरची होती की पानाची? पडद्याचे छायाचित्र मागवावे. अर्धा दिवस वाचतो.

आता फाइलींच्या हक्कांकडे वळू. त्यांचा इतिहास मनोरंजक आहे आणि आपल्या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

एकाच संगणकावर अनेक माणसांनी काम करावे ही कल्पना अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये प्रत्यक्षात आणून दाखविली. अनेक माणसे आली म्हणजे प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवणे आले, आणि त्यासाठी पासवर्ड आले. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या एका संशोधकाला संगणकावर आपल्या वाट्याला आलेला वेळ अपुरा पडू लागला. त्याने पासवर्डांची संपूर्ण फाइलच छापून घेतली. १९६६ मध्ये त्याहून विलक्षण प्रकार घडला. त्या यंत्रणेतील संपादन-आज्ञा आपले अर्धवट काम ज्या तात्पुरत्या फाइलीत ठेवीत असे, तिचे नाव ठरलेले होते. एक व्यवस्थापक लॉगिनच्या वेळी दिसणारा स्वागत-संदेश दुरुस्त करीत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करीत होता. दोन्ही तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढे स्वागत-संदेशाऐवजी सर्वांचे पासवर्ड उमटू लागले. तात्पुरत्या फाइलीची ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. थोड्या वेळाने ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पुढे बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली तयार झाली. तिच्यातील हक्कांची व्यवस्था इतकी आटोपशीर होती की, आजही जगातील फार मोठ्या संख्येने सर्व्हर तिच्यावरच चालतात. प्रत्येक फाइलीपुढे तीन वर्ग : मालक, गट आणि इतर. आरंभी गट नव्हता, तो नंतर आला. प्रत्येक वर्गाला तीन हक्क : वाचणे, लिहिणे, चालविणे. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालविण्याला १ असे मोल देऊन बेरीज केली की ६४४ अथवा ७५५ असे आकडे तयार होतात. ६४४ म्हणजे मालक वाचील व लिहील. गट आणि इतर फक्त वाचतील. यात एक बारकावा असा की, तपासणी करताना प्रणाली आपण ज्या पहिल्या वर्गात बसतो तेथेच थांबते. मालकाला हक्क नसेल आणि इतरांना असेल, तर मालकाला नकारच मिळतो. "इतरांना आहे, म्हणजे मलाही असेलच" हा युक्तिवाद तेथे चालत नाही.

फोल्डरच्या बाबतीत "चालविणे" या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. फोल्डर चालविणार तरी कसे? तेथे त्या हक्काचा अर्थ "यातून पुढे जाऊ देणे" असा आहे. जुन्या वाड्याची कल्पना करा. ओसरी, मग माजघर, मग आतील खोली, आणि त्या खोलीतील कपाटात एक पुस्तक. पुस्तक कोणीही वाचावे अशी चिठ्ठी त्यावर लावली, पण माजघराचे दार बंद असले, तर त्या चिठ्ठीचा काय उपयोग? सर्व्हरवरही हेच होते. फाइलीचे हक्क दहा वेळा तपासूनही दोष सापडत नाही, कारण दोष तीन पायऱ्या वर, कोणाच्या तरी खासगी फोल्डरच्या दाराशी असतो. म्हणून तपासणी नेहमी मुळापासून, एकेका फोल्डरमधून खाली उतरत करावी. लिनक्समध्ये वाटेतील प्रत्येक पायरीचे हक्क एका खाली एक छापून दाखविणारी आज्ञा आहे. ती फार थोड्यांना ठाऊक असते, ही खेदाची गोष्ट होय.

येथे मुख्य प्रश्न उभा राहतो : फाइल मागणारा पाहुणा तर अनामिक आहे, मग सर्व्हर हक्क तपासतो तो कोणाचा? उत्तर असे की, सर्व्हर हा पाहुण्याच्या वतीने स्वतः फाइल उघडतो, आणि त्यासाठी तो एका ठरावीक खात्याचा वेष घेतो. लिनक्सवरील अपाची सर्व्हर एका साध्या, अधिकारहीन खात्याच्या नावाने चालतो. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेस हा सर्व्हर, ज्याला सोयीसाठी आपण आयआयएस म्हणू, अनामिक पाहुण्यासाठी सामान्यतः "आययूएसआर" या खात्याचा वेष घेतो. या खात्याला फाइल वाचण्याचा हक्क नसेल, तर दोन्ही सर्व्हर अडखळतात. परंतु अडखळल्यावर दोघे बोलतात मात्र वेगवेगळे. अपाची म्हणतो ४०३, मनाई आहे. आयआयएस विचार करतो की, या अनामिक पाहुण्याला नाही, पण कदाचित हा माणूस दुसरा कोणी, अधिक मानाचा असेल. आणि तो म्हणतो ४०१, तुम्ही कोण ते सांगा. भांडारपालाने नकार दिला, तो निरोप फाटकावर पोचला, आणि जवानाने आत आलेल्या माणसाला पुन्हा बोलावून पास मागितला, असा हा प्रकार आहे. म्हणजे ब्राउझरमध्ये उमटणारी ती अनपेक्षित लॉगिनची पेटी पुष्कळदा लॉगिनच्या दोषाने येतच नाही. ती फाइलीच्या हक्काच्या दोषाने येते.

आणि म्हणूनच संस्थेतल्या माणसाला ती दिसत नाही. संस्थेचे संगणक एकाच विंडोज-डोमेनमध्ये असले आणि सर्व्हरवर अनामिक प्रवेशाबरोबर विंडोजची ओळख-पद्धतही चालू असली, तर ४०१ येताच ब्राउझर मुकाट्याने टेबलावरील कर्मचाऱ्याचे खाते पुढे करतो. त्या खात्याला हक्क असतो. पान उघडते. पडद्याआड दोन-तीन निरोपांची देवाणघेवाण झाली, हे त्याला कळतही नाही. बाहेरच्या पाहुण्याकडे असे खाते नसते; त्याच्यापुढे पेटी येते. "माझ्याकडे उघडते" हे वाक्य म्हणून पुरावा मानू नये. आपल्या भ्रमणध्वनीचे वाय-फाय बंद करावे, मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून पान उघडावे, म्हणजे क्षणभर आपणही बाहेरचे होतो.

या परिसरातील एका शिक्षणसंस्थेत मला काही वर्षांपूर्वी अशाच तक्रारीसाठी बोलावण्यात आले होते. तेथे काय पणाला लागले होते ते सांगितल्याशिवाय या विषयाचे गांभीर्य लक्षात येणार नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची आणि सूचनांची पाने संकेतस्थळावर होती. मुदत संपण्यास तीन दिवस उरले होते. धमधा, पाटण, गुंडरदेही या भागांतील मुली आपल्या गावच्या चॉइस सेंटरवर जाऊन अर्ज छापून घेत असत. त्या आठवड्यात अर्ज उघडताच पासवर्डची पेटी येऊ लागली. काही मुली परत गेल्या. काही केंद्रांच्या चालकांनी, हे काही तरी शासकीय लॉगिन असावे असे समजून, आपल्या केंद्राचे नाव आणि पासवर्ड त्या पेटीत घातले. एकाने तर चार वेळा, चार निरनिराळे. संस्थेत अफवा पसरली की, संकेतस्थळ कोणी तरी बळकावले आहे. प्राचार्यांनी मुदत दोन दिवस वाढविली. परंतु ज्या मुली भाड्याचे पैसे खर्चून एकदा येऊन गेल्या होत्या, त्यांच्यापर्यंत वाढीव मुदतीची बातमी पोचविणार कोण? ती बातमीही त्याच संकेतस्थळावर, त्याच पेटीच्या आड लावलेली होती.

सर्व्हर आयआयएसचा होता. चमत्कार असा की, सर्व सूचना बंद झालेल्या नव्हत्या. जुन्या सूचना उघडत होत्या, नव्या उघडत नव्हत्या. नव्यांपैकीही एक उघडत होती. एकाच फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी असलेल्या दोन फाइलींपैकी एक खुली आणि एक बंद, हे पाहिल्यावर फोल्डरच्या दाराचा संशय मावळला. दोष प्रत्येक फाइलीबरोबर चालत येत होता.

तेव्हा नोंदवह्या उघडल्या. सर्व्हर प्रत्येक मागणीची एक ओळ लिहून ठेवतो, आणि आयआयएसच्या नोंदीत ४०१ च्या शेजारी एक उपक्रमांकही असतो. हा उपक्रमांक म्हणजे वैद्याच्या हाती आलेली नाडी होय. ४०१.१ म्हणजे दिलेले नाव वा पासवर्ड चुकीचा. ४०१.२ म्हणजे सर्व्हरच्या मांडणीमुळे प्रवेश नाकारला. ४०१.३ म्हणजे त्या फाइलीवरील परवानगी-यादीने नकार दिला. त्यापुढील रकान्यात विंडोजचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि तेथे ५ असेल तर "प्रवेश नाकारला" असे विंडोजने स्पष्ट सांगितलेले असते. आमच्यापुढील ओळींत ३ आणि ५ हे आकडे जोडीने उभे होते. एक सावधगिरी येथेच सांगून ठेवतो. जेथे विंडोजची ओळख-पद्धत मुद्दाम लावलेली आहे, तेथे ४०१ च्या एक-दोन ओळी आणि मग २०० हा क्रम अगदी निरोगी असतो. तो ओळख पटविण्याचा नेहमीचा सोपस्कार आहे. नुसते ४०१ मोजून घाबरू नये.

हल्ल्याची अफवा येथेच संपली. उरला प्रश्न एवढाच की, नव्या फाइलींवरील परवानगी-यादी वेगळी का? कार्यालयातील लिपिकबाईंना मी विचारले की, ही उघडणारी एक सूचना आपण कशी लावली? त्या म्हणाल्या, "त्या दिवशी अपलोडचे पान चालत नव्हते, म्हणून मी सर्व्हरवर बसून पेनड्राइव्हमधून कॉपी केली." बाकीच्या साऱ्या सूचना त्यांनी नव्याने बसविलेल्या अपलोडच्या पानातून चढविल्या होत्या. त्यांच्या या एका वाक्यात संपूर्ण निदान होते.

विंडोजच्या एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेत फाइलीची नक्कल केली, तर नवी प्रत ज्या फोल्डरमध्ये जन्मते त्याचे हक्क ती वारशाने घेते. परंतु त्याच डिस्क-विभागात फाइल नुसती हलविली, तर ती आपले जुने हक्क बरोबर घेऊन येते. माहेरचे आडनाव बदलले नाही, असे म्हणा ना! आता अपलोडचे पान पीएचपी या भाषेत लिहिलेले होते. पीएचपी आलेली फाइल प्रथम एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवते, आणि मग ती तेथून योग्य जागी हलविते. तात्पुरते फोल्डर विंडोजचे स्वतःचे, आणि अनामिक पाहुण्याच्या खात्याला तेथील फाइली वाचण्याचा हक्क नव्हता. तो नसणे योग्यच होते. फाइल हलताना तो नकार आपल्याबरोबर घेऊन सूचनांच्या फोल्डरमध्ये येत होती. १९६६ मधील ती तात्पुरती फाइल ही अशी निराळ्या वेषात पुन्हा आली.

लिनक्सच्या जगात असे घडत नाही असे मात्र समजू नये. तेथेही फाइल हलविली तर मालक व हक्क सामान्यतः तेच राहतात. शिवाय अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये खुली केलेली एसईलिनक्स ही व्यवस्था जेथे चालू असते, तेथे प्रत्येक फाइलीवर एक अदृश्य चिठ्ठी असते. घरच्या फोल्डरमधून हलविलेल्या फाइलीवर "घरगुती" अशी चिठ्ठी तशीच चिकटून राहते. ६४४ हा आकडा बरोबर, वाटेतील सारे फोल्डर खुले, आणि तरीही अपाची ४०३ म्हणतो. आकडे पाहून हे कधीच कळणार नाही. चिठ्ठी पाहण्याची व ती जागेप्रमाणे पुन्हा लावण्याची आज्ञा वेगळी आहे. यावर पुष्कळ जण संपूर्ण एसईलिनक्सच बंद करून टाकतात. डोके दुखते म्हणून पहारेकरी काढून टाकण्यासारखे ते आहे.

अपाचीवर जर खरोखरच लॉगिनची पेटी आली, तर कारण बहुधा तिसरेच असते. तेथे एखाद्या फोल्डरमध्ये पासवर्ड लावणारी लहानशी, ठिपक्याने सुरू होणाऱ्या नावाची आणि म्हणून सहसा न दिसणारी फाइल असते, आणि तिचा अंमल खालच्या सर्व फोल्डरांवर चालतो. कोणी तरी वरच्या मजल्यावर एका खासगी कामासाठी ती ठेवतो आणि खालचे सारे सार्वजनिक विभाग कुलूपबंद होतात. कधी पान खुले असते, पण त्यातील एक बोधचिन्ह वा चित्र कुलूपबंद फोल्डरमधून मागविलेले असते. पेटी येते ती त्या चित्रासाठी. ती रद्द केली तर पान उघडते आणि चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते. रिकामी चौकट दिसली की दुसरा पुरावा शोधण्याची गरज उरत नाही.

आयआयएसच्या जुन्या आवृत्त्यांत आणखी एक घोटाळा असे. सातव्या आवृत्तीपूर्वी अनामिक खात्याच्या नावात त्या यंत्राचे नाव जोडलेले असे. जुने यंत्र बिघडले आणि डिस्क काढून नव्या यंत्रात बसविली, की परवानगी-यादीत त्या खात्याच्या जागी नुसता लांबलचक आकडा दिसे. मृत माणसाच्या नावे केलेले मुखत्यारपत्र जसे निरुपयोगी, तसाच तो हक्क. सातव्या आवृत्तीपासून हे खाते सर्व यंत्रांवर एकच झाले आणि हा त्रास संपला. कुलूपबंद कार्यालयांत अजूनही एखादे जुने यंत्र धूळ खात चालू असेल, तर त्याचे स्थलांतर करताना ही गोष्ट आठवावी.

आता उपायाकडे येऊ. आणि येथे मला थोडे कठोर बोलावयाचे आहे. मी पोचण्यापूर्वी त्या संस्थेत एक उपाय सुचविण्यात आला होता : संकेतस्थळाच्या मूळ फोल्डरवर "सर्वांना पूर्ण अधिकार" द्यावा. लिनक्सवर हाच सल्ला ७७७ या आकड्याने दिला जातो. त्याने पेटी जाते, यात शंका नाही. कार्यालयात चहा मागविला जातो. परंतु ज्या फोल्डरमध्ये सर्व्हरचे खाते वाचू शकते तेथेच ते लिहूही लागले, तर अपलोडच्या पानातील एखादी लहानशी फट पुरेशी ठरते : बाहेरचा माणूस आपला प्रोग्राम तेथे ठेवतो आणि सर्व्हर तो इमानेइतबारे चालवितो. त्याच डिस्कवर गुणपत्रके होती. एका मुलीचा अर्ज उघडावा म्हणून साऱ्यांची गुणपत्रके कोणालाही बदलता यावीत, अशी ही देवघेव होती. तंत्रज्ञ घाईत असतो, वरिष्ठ पाठीशी उभे असतात, आणि हा सल्ला एका ओळीचा असतो. म्हणून तो लोकप्रिय आहे. मी त्याचा समर्थक कधीही होऊ शकलो नाही.

अति खुलेपणाची किंमत आपल्या देशाने पाहिलेली आहे. मे २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दाखवून दिले की, चार शासकीय पोर्टलवरून सुमारे १३ ते १३.५ कोटी आधार क्रमांक कोणालाही पाहता येतील अशा स्थितीत होते. तेथे कोणी कुलूप तोडलेले नव्हते. कोणत्या रकान्याला कोणी पाहावे, हा प्रश्नच कोणी विचारलेला नव्हता. आपल्या सूचनाफलकावर लावलेल्या शिष्यवृत्तीच्या यादीत बँक-खात्याचा क्रमांक आहे काय, हे आपण उद्या सकाळी पाहावे, अशी माझी ग्रंथपाल मंडळींना विनंती आहे. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने ती जबाबदारी आता माहिती बाळगणाऱ्यावर टाकलेली आहे.

त्या संस्थेत प्रत्यक्षात केलेला उपाय लहान होता. अपलोडसाठी एक वेगळे तात्पुरते फोल्डर केले, ज्याचे हक्क सूचनांच्या फोल्डरसारखेच होते. पीएचपीच्या मांडणीत त्याचा पत्ता दिला. आधी येऊन बसलेल्या फाइलींवरील जुने हक्क पुसून त्यांना वरच्या फोल्डरचा वारसा पुन्हा लावला. सूचनांच्या फोल्डरमध्ये प्रोग्राम चालणार नाहीत, फक्त वाचले जाईल, अशी व्यवस्था केली. एकेक बदल केल्यानंतर बाहेरच्या दूरध्वनीवरून पान उघडून पाहिले, आणि प्रत्येक बदल तारखेसह एका साध्या वहीत लिहिला. या कामास दोन तासही लागले नाहीत. त्यापूर्वीचे तीन दिवस गेले ते पासवर्ड बदलण्यात, सर्व्हर पुन्हा-पुन्हा चालू करण्यात आणि विषाणू शोधण्यात.

घड्याळाविषयी एक शब्द. विंडोज-डोमेनमध्ये ओळख पटविण्याची कर्बरोस ही पद्धत दोन यंत्रांच्या घड्याळांत साधारणतः ५ मिनिटांहून अधिक अंतर सहन करीत नाही. सर्व्हरच्या आतील बॅटरी संपून घड्याळ मागे पडले, तर हक्क, खाती, पासवर्ड सारे यथास्थित असूनही ओळख पटेनाशी होते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळविण्यास सांगितले आहे, त्याचा हेतू नोंदींचा मेळ बसावा हा आहे; पण आपल्या तक्रारींपैकी काहींचे औषधही त्यात आहे.

त्याच निर्देशांप्रमाणे शासकीय संस्था, कंपन्या आणि डेटा सेंटर यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदवह्या १८० दिवस जपून ठेवावयाच्या आहेत. यावरून चॉइस सेंटरच्या चालकांनी त्या पेटीत घातलेल्या पासवर्डांचे काय झाले, हा प्रश्न येतो. मघाशी श्रोत्यांतून तो चिठ्ठीने विचारण्यात आला आहे. सर्वांत साध्या, म्हणजे "बेसिक" या ओळख-पद्धतीत ब्राउझर नाव व पासवर्ड केवळ अक्षरे बदलून पाठवितो. ते गुप्त लेखन नव्हे, कोणालाही ते उलटविता येते. एचटीटीपीएस नसेल तर वाटेत ते वाचले जाऊ शकते. त्या सर्व्हरवर ही पद्धत बंद होती, एवढे सुदैव. विंडोजची नोंदवही फसलेल्या लॉगिनची नोंद करताना पासवर्ड लिहीत नाही, फक्त नाव लिहिते. परंतु गोंधळलेली माणसे पुष्कळदा नावाच्या जागी पासवर्ड लिहितात, आणि मग तो नोंदवहीत नाव म्हणून उघडउघड उमटतो. तेथे असे सात उमटलेले होते. चालकांना दूरध्वनी करून ते पासवर्ड त्याच दिवशी बदलण्यास सांगितले गेले. नोंदवही पुसली नाही. तिची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, आणि ते फोल्डर उघडण्याचा हक्क दोन व्यक्तींपुरता ठेवला.